नानांच्या खुर्चीमागचं बटण

आम्ही कुरुळीत आलो तेव्हा आमच्याकडे एक खोली होती आणि खोलीत पाणी नव्हतं. पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ, समोर सिमेंटची टाकी, टाकीला तोट्या. टाकीत पाणी यायचं ते मालकांच्या बोअरचं, आणि बोअरची मोटर चालू करायचं बटण होतं मालकांच्या पडवीत. अप्पा चाकणला पत्रे दाबून सुटे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये ठेक्यावर लागले होते. ठेकेदार बदलला की अप्पा पुन्हा नवे व्हायचे. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. चाळीत बीडची, नांदेडची, परभणीची माणसं होती, पण गावाच्या लेखी आम्ही सगळे "लातूरवाले". दुकानात, गिरणीत, दवाखान्यात तेच नाव. "ए लातूरवाले, लायनीत या."

मालकांचे चुलते होते, त्यांना सगळे नाना म्हणत. शेतं कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या उठल्या आणि नानांना करायला काही राहिलं नाही. मग ते पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसू लागले. खुर्चीमागं भिंतीवर मोटरचा स्टार्टर होता. मोटर लावणं हे नानांचं काम. गावात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, पण रोज चाळीतल्या सगळ्या बायका त्यांना विचारायच्या.

पाणी मागायला मोठं माणूस गेलं की नाना खेळवायचे.

"नाना, पाणी लावता का?"

"लाईट न्हाई."

डोक्यावर पंखा फिरत असायचा.

"नाना, लाईट हाय की."

"मग बोअर दमली आसंल. कालच तर भरली व्हती टाकी. तुमी पानी पिता का म्हशी धुता गं?"

म्हणून चाळीत एक रीत पडली होती. पाण्यासाठी लेकरू पाठवायचं. कुठलंही नाही. मोठ्या पोरांना नाना हाकलून लावायचे. लहान, गुबगुबीत, लगेच हसणारं पाहिजे. "गोड लेकरू पाठवा," असं बायका एकमेकींना सांगायच्या. एक लेकरू वाढलं, हाडं दिसायला लागली की दुसरं शोधायच्या. माझ्या लहानपणी चाळीतलं गोड लेकरू मी होते. आई माझं तोंड धुवायची, पावडर लावायची, दोन शेंड्या घालायची. आंघोळीला पाणी नसलेल्या घरात माझं तोंड तेवढं रोज धुतलेलं असायचं.

नाना मला मांडीवर घ्यायचे. "लावतो की मोटर. आधी हसून दाखव." मग बरगड्यांत बोटं. पहिल्या क्षणाला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण नंतर ते बरं वाटायचं थांबायचं आणि बोटं थांबायची नाहीत. काखेत, पोटात, तळपायाला. मी "नको नको" म्हणायचे, पण हसत म्हणायचे, कारण त्या वेळी तोंडातून दुसरं काही निघतच नाही. श्वास घ्यायला जागा राहायची नाही. रोजच नाही, पण बऱ्याचदा मला तिथंच, फ्रॉकमध्येच, लघवी व्हायची. तसं झालं की नाना मला लांब धरायचे आणि टाकीकडे बघून ओरडायचे, "मोटर चालू झाली रं!"

हंडे-कळश्या घेऊन उभ्या असलेल्या बायका हसायच्या. मग नाना खरं बटण दाबायचे. आईही हसायची. नंतर त्याच पाण्यात माझा फ्रॉक धुवायची.

हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा पुढचं ऐकायला तयार होतो. चेहरा गंभीर करतो. पुढचं काही नसतंच. मग तो सुटल्यासारखा म्हणतो, "हात्तिच्या, एवढंच?" हो, एवढंच. एवढंच होतं म्हणून तर त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. त्याला नावच नव्हतं. "लाड करतात नाना," हे नाव होतं.

माझे दात पडले, मी काटकुळी झाले, माझी सुटका झाली. दुसऱ्या खोलीतलं लेकरू जायला लागलं. मी शाळेत हुशार होते, हे मी मोजून मापून नम्रपणे सांगणार नाही. होतेच. राजगुरुनगरच्या कॉलेजात मी बसला लटकून जाऊन बी.ए. केलं. आमच्या घरात कॉलेज बघितलेलं पहिलं माणूस मी, आणि चाळीतलंही. निकालाच्या दिवशी अप्पांनी कंपनीतून पेढे आणले आणि म्हणाले, "आता तुला लातूरवाली म्हणायची कुणाची हिंमत नाही." पुढं बालवाडीचा कोर्स केला आणि चऱ्होलीत, नव्या सोसायट्यांच्या मधल्या एका बालवाडीत शिकवायला लागले. तिथं मला मॅडम म्हणतात. मला ते आवडतं.

तिथं मोठ्या बाईंनी एकदा तक्ता आणून दिला. मुलांना आपल्या अंगाची काळजी घ्यायला शिकवायचं होतं. तक्त्यावर एक मुलगा, एक मुलगी. अंगाचे काही भाग लाल, बाकीचं सगळं हिरवं. लाल भागांना कुणी हात लावायचा नाही, आजारी असताना आईसमोर डॉक्टर सोडून. कुणी लावला तर मोठ्यानं "नको" म्हणायचं, तिथून निघून यायचं, आणि घरी सांगायचं. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. मी मन लावून शिकवलं. लेकरं मोठ्यानं "नको!" ओरडायची तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत यायच्या. एका मुलीची आई मला म्हणाली, "मॅडम, एवढ्याशा लेकरांच्या डोक्यात ही घाण कशाला घालता?" मी म्हणाले, "घाण मी घालत नाही ताई, झाडू देते हातात." ती चिडली, पण मुलीला काढलं नाही.

तक्त्याची एक प्रत मी घरी आणली होती. घर अजून त्याच चाळीत, फक्त आता दोन खोल्या. दादाचं लग्न झालेलं, त्याची मुलगी साडेचारची. माझी भाची. गुबगुबीत, लगेच हसणारी. तुम्हाला कळलंच असेल आता चाळीतलं गोड लेकरू कोण होतं. मी सकाळी लवकर जायचे, दुपारी उशिरा यायचे, पाणी मधल्या वेळात भरून झालेलं असायचं. मी समजत होते की नाना आता थकले. थकले नव्हते.

भाचीनं तक्ता नीट बघितला. मग आपल्या बरगडीवर बोट ठेवलं.

"आत्या, हे हिरवं का?"

"हो, हे हिरवं."

"आणि हे?" काखेत बोट.

"तेपण हिरवं."

"मग नानांना चालतं ना?"

मी तो तक्ता किती वेळा वर्गात शिकवला होता. माझ्या तक्त्यावर नाना पास होत होते. म्हातारा माणूस, लाल भागाच्या जवळही कधी गेला नव्हता. सगळा खेळ हिरव्यात.

मी तक्ता गुंडाळून पलंगाखाली टाकला आणि भाचीला दुसरंच शिकवायला बसले. सगळं अंग तुझंच. लाल-हिरवं काही नाही. आवडत असेल तर हो, आवडेनासं झालं की नको, आणि आधी हो म्हटलं असलं तरी नंतर नको म्हणता येतं. मग आम्ही खेळलो. मी तिला गुदगुल्या करायच्या, ती "थांब" म्हणाली की माझे दोन्ही हात वर. पोलिसांनी पकडल्यासारखे. पहिल्यांदा तिला खरंच वाटेना. ती थांब म्हणायची आणि स्वतःच अंग आक्रसून घ्यायची, पुढची बोटं येणार म्हणून. हात वर बघून मग हळूच डोळे उघडायची. पाचसहा वेळा झाल्यावर ती इतकी हसली की तसं हसणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. ते वेगळंच हसणं होतं. पुढच्या आठवड्यात बालवाडीतही मी तोच खेळ घेतला. एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, आता बापानं लेकीला गुदगुल्या करायच्या नाहीत का?" मी म्हणाले, "करा की. थांब म्हटली की थांबा, एवढंच." हे "एवढंच" म्हणताना मला बरं वाटलं.

एप्रिलमध्ये मालकांच्या घरी नातवाचं लग्न ठरवायला पाहुणे आले होते. पडवीत सतरंजी, चहा, माणसं. चाळीची टाकी रिकामी. वहिनीनं भाचीचं तोंड धुतलं आणि पाठवून दिलं. नानांनी पाहुण्यांसमोर तिला मांडीवर ओढलं. पुढचं मला शेजारच्या काकूनं सांगितलं. बोटं लागताच भाची म्हणाली, "थांबा." नाना थांबले नाहीत. ती पडवी घुमेल एवढ्या मोठ्यानं "नको!" म्हणाली, मांडीवरून घसरली आणि पळत घरी आली. एक पाहुणा हसून म्हणाला, "नाना, पोरगी तुमच्यापेक्षा कडक हाय राव." सगळी पडवी हसली. या वेळी नानांना हसली. घरी येऊन भाचीनं वहिनीला सांगितलं, तिनं ऐकलं नाही म्हणून मग मला.

मोटर लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्टार्टर जळाला म्हणाले. मालकांच्या अंगणातली जास्वंद मात्र भिजलेली होती.

चाळीनं एप्रिलचा राग नानांवर काढला नाही, आमच्यावर काढला. काकू कोरडा हंडा आमच्या दारात आपटून म्हणाली, "आत्याबाई शिकल्यात ना? मग काढा म्हणावं डिग्री पिळून पाणी."

पलीकडची म्हणाली, "आमची पोरं नाही का गेली? मेली का?"

"एवढी नाजूक असेल तर सोसायटीत राहा की. नळ असतात तिथं."

वहिनी माझ्याशी बोलत नव्हती, भांड्यांशी बोलत होती. दादा तिसऱ्या शिफ्टहून आला, अंगाला ऑइल, धुवायला थेंब नाही. "तुझ्या बालवाडीची थेरं बालवाडीत ठेव," तो म्हणाला. "लेकरू होतं, हसत होतं. काय बिघडत होतं?"

"ती हसत नव्हती, दादा."

"मग काय करत होती?"

"तुला कधी कुणी मांडीवर घेऊन गुदगुल्या केल्या आहेत का?"

"मला कशाला करतील?" तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोचले तर आई भाचीच्या शेंड्या घालत होती. घरातलं शेवटचं पाणी तांब्यात होतं. आईनं त्या पाण्यानं भाचीचं तोंड धुतलं. पावडर लावली. भाची रडत नव्हती. लाकडासारखी उभी होती.

"काय करलालीस गं आई?"

"माफी मागायला नेते. जाईल, मांडीवर बसेल, संपलं."

मी दारात उभी राहिले. "ती नाही म्हणाली आहे, आई."

"नाही म्हणायला तिच्या बापाची बोअर हाय का?" आई म्हणाली. "सरक."

मी सरकले नाही तेव्हा तिनं मला कोपरानं बाजूला केलं. कँटीनमध्ये वर्षानुवर्षं कणीक मळलेले हात आहेत ते. ती भाचीला दंडाला धरून निघाली आणि मागून बायका निघाल्या, रिकामे हंडे घेऊन. मीही निघाले.

नाना खुर्चीत होते. "आली का राणीसरकार?" त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हन आता नको. म्हन की. आमी पन ऐकतो."

बायका हसल्या. तहानलेली माणसं हसतात तसं, समोरच्याला आवडावं म्हणून. आईनं भाचीला पुढं ढकललं आणि तिच्या पायाखालची फरशी ओली झाली. नानांनी अजून तिला हातही लावला नव्हता.

"मोटर चालू झाली रं!" नाना म्हणाले.

भाचीनं मागं वळून माझ्याकडे बघितलं. मी शिकवलेलं सगळं तिनं केलं होतं. नको म्हणाली होती, निघून आली होती, घरी सांगितलं होतं, आणि एकानं ऐकलं नाही म्हणून दुसऱ्यालाही सांगितलं होतं. त्या सगळ्याची शिक्षा तिला मिळत होती. यापुढचं मी लेकरांना काही शिकवलेलं नव्हतं, कारण यापुढचं लेकरानं करायचं नसतं.

मी मध्ये गेले. "नाना, पाणी कुणाला पाहिजे?"

"तुमाला. आनि कुनाला?"

"मग लेकराला कशाला बसवता? पाणी मला पाहिजे. मीच बसते मांडीवर. करा गुदगुल्या."

मागं कुणीतरी हंडा खाली टेकवला.

नानांनी मांडीवरचा हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. "काय बोलती ही पोरगी? लाज हाय का हिला?"

"लहानपणी बसवत होताच की. तीच मी. फक्त वाढले."

"तवाचं येगळं व्हतं."

"काय वेगळं होतं, नाना? सांगा. सगळ्या इथंच आहेत."

नानांनी खुर्ची मागं सरकवायला बघितली, पण मागं भिंत होती. मी अजून एक पाऊल पुढं गेले. मला भीती वाटत नव्हती. मला, खरं सांगते, मजा येत होती. ते आखडून बसले होते, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून. ती बसायची रीत मला ओळखीची होती.

"बोला की. बसू का?"

स्वयंपाकघरातून मालकीणबाई बाहेर आल्या. हात पिठाचे. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नानांकडेही नाही. खुर्चीमागं हात घालून त्यांनी बटण दाबलं. मोटर घरघरली. हिरव्या बटणावर कणकेचा ठसा राहिला.

बायका हंडे घेऊन टाकीकडे पळाल्या. माझ्याशी कुणी बोललं नाही.

घरी आल्यावर आईनं माझ्या तोंडात मारली. भाचीसमोर, वहिनीसमोर. "लग्नाची पोरगी. सगळ्या गावासमोर. मांडीवर बसते म्हणे." दुसरी मारायला हात उचलला तेव्हा भाची म्हणाली, "आजी, थांब." आईचा हात खाली आला. पटलं म्हणून नाही, दमली म्हणून. पण आला.

त्यानंतर चाळीत माझं नाव मांडीवाली पडलं. अजूनही दोघीतिघी म्हणतात. मोशीच्या एका घरातून मला विचारणा आली होती, ती बंद झाली. मध्यस्थानं कारण आडवळणानं सांगितलं नाही. "ती मांडीवर बसते म्हणणारी हीच का, असं विचारलं त्यांनी." अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. सगळ्यांना कीव आली ती नानांची. "म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत नागडं केलं," असं काकू म्हणाली. नाना पडवीत बसायचे बंद झाले. आत टीव्हीसमोर बसतात. मला त्यांची कीव आली नाही, आणि तशी यावी असं मला वाटतही नाही.

खोली सोडा म्हणतील म्हणून आईनं भांडी बांधायला घेतली होती. मालक आले ते वायरमनला घेऊन. पडवीतला स्टार्टर काढला, वायर ओढली, टाकीजवळ खांबावर लोखंडी पेटीत बसवला. अप्पांना म्हणाले, "तुमच्या पोरीचं तोंड आमच्या दारात नको. इथनं लावा, इथनं बंद करा." एवढं बोलून गेले. त्यात कुणाला काही कळलं, काही पटलं, असं नव्हतं. माझं तोंड नको, एवढ्यासाठी झालं ते. मला चालतं.

परवा लातूरकडून आईचे मावसभाऊ आले होते. भाचीला बघून त्यांनी हात पसरले, "ये, मामाआजोबाला पापा दे." भाची जागची हलली नाही. आई स्टोव्हपासून न उठता म्हणाली, "आधी विचारा तिला. आमच्या घरात आता विचारावं लागतं, बी.ए. झालेलं माणूस हाय घरात." टोमणा मलाच होता. पण मामांनी विचारलं. भाची "नको" म्हणाली आणि मामांनी हात खाली घेतले, चहा घेतला, गावाकडच्या गोष्टी काढल्या.

टाकीजवळची पेटी वायरमननं उंचावर बसवली आहे. तिथं लहान लेकराचा हात पोचत नाही, मोठ्या माणसालाच जावं लागतं. आमच्या चाळीतलं एकही लेकरू आता पाण्यासाठी कुणाच्या मांडीवर बसत नाही.